परसातील दिवा आणि हिवाळ्यातील शेवंती

गेल्या मार्गशीर्षात आमच्या हुपरीच्या घरी एक लहानसा रुसवा घडला, आणि त्याचे मूळ होते शेवंती. दसऱ्यापासून पौषापर्यंत देवघरास फुले पुरविणारा परसातील वाफा त्या वर्षी नुसताच हिरवागार माजला. कळीचे नाव नाही. थोरल्या काकूंनी ठपका ठेविला तो धाकट्या सूनबाईंच्या पाणी घालण्यावर. सूनबाई उलट बोलल्या नाहीत. मात्र दुसऱ्या दिवसापासून त्यांनी परसाकडे पाऊल टाकले नाही.

त्याच सुमारास विलायतेस असलेल्या पुतण्याने हेलेबोर नामक फुलाचे चित्र पाठविले. मुले म्हणू लागली, “शेवंती उपटून हेच लावू या!” पण हे झाड आल्प्स पर्वताच्या थंडीत वाढलेले. बर्फातही ते फुलते खरे. परंतु त्याच्या बियांस रुजण्यापूर्वी ओलसर थंडीत कित्येक आठवडे काढावे लागतात, आणि आपला वैशाखवणवा रोपास मानवत नाही. शिवाय ते सर्वांगी विषारी. लहान मुले आणि गाईगुरे असलेल्या घरी त्याचा हव्यास कशास? आपल्या हिवाळ्याची फुले निराळी. माघात फुलणाऱ्या कुंदाला संस्कृतात ‘माघ्य’ हेच नाव आहे.

मग आमची शेवंती का रुसली? पाहता पाहता ध्यानात आले की, गोठ्याच्या भिंतीआडची दोनच रोपे कळ्यांनी लगडली होती. पाणी तेच, खत तेच, हातही सूनबाईंचेच. भेद एवढाच, की तेथे रात्री अंधार होता. वृद्ध आजोबांना रात्री परसात जाताना ठेच लागू नये, म्हणून आषाढात आम्हीच मागल्या दारी विजेचा दिवा लाविला होता, आणि तो रात्रभर जळत असे.

शेवंती थंडीपेक्षाही रात्रीची लांबी मोजते. वनस्पतींचा हा स्वभाव गार्नर व ॲलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली प्रसिद्ध केला. आपल्याकडे ज्येष्ठात दिवस सुमारे १३ तासांचा, तर मार्गशीर्षाच्या सुमारास ११ तासांचा असतो. रात्र वाढली, की झाड पाने सोडून कळ्यांकडे वळते. मध्येच उजेड पडला, तर मोठी रात्रही त्यास लहानच वाटते. फुले लांबवावयाची असली, म्हणजे फुलवाले मुद्दाम हीच युक्ती योजतात.

दिवा काढणे तर शक्य नव्हते. आजोबांचे पाऊल फुलांहून मोलाचे. तेव्हा दिव्यास वाफ्याच्या बाजूने पत्र्याचा आडोसा केला, आणि कुंड्या गोठ्यामागे हलविल्या.

ज्या भगिनींना शेवंती लावावयाची असेल, त्यांनी फुले सरताच झाड छाटावे आणि बुंध्याशी फुटलेल्या काश्या उन्हाळ्याच्या अखेरीस वेगळ्या करून लावाव्यात. महिन्याभराने शेंडे खुडले, की फांद्या पुष्कळ फुटतात. देशावरील काळ्या मातीत पाणी साचते. तेव्हा तीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे. कोकणात पावसाने मुळे कुजतात, म्हणून पावसाळाभर कुंड्या पागोळीपासून दूर, छपराखाली ठेवाव्यात. विदर्भात उन्हाळी दुपारी सावली हवी. आणि महाबळेश्वरी, जेथे क्वचित दवही गोठते, तेथे कळ्यांवर रात्री आच्छादन घालावे. अंधार मात्र सर्वत्र सारखाच हवा.

सुमारे अडीच महिन्यांनी, माघात, आमचा वाफा पिवळाधमक झाला. मार्गशीर्षाचे गुरुवार हुकले ते हुकलेच. पण पहिली फुले देवास वाहून उरलेली काकूंनी स्वतः गुंफली आणि सूनबाईंच्या अंबाड्यात माळीत म्हणाल्या, “पुढल्या वर्षी परसाचे तूच पाहा हो. मी मेली उगाच बोलले.” सूनबाई हसल्या आणि तशाच पाण्याची बादली घेऊन परसाकडे गेल्या.