पडदा हिरवा; पण यादी पुरी आहे का?

देखरेखीच्या पडद्यावर सगळे दिवे हिरवे असतात आणि त्याच वेळी एखाद्या शाखा कार्यालयातून ‘सकाळपासून नेट नाही’ अशी तक्रार दूरध्वनीवर येते. मोठे संगणक-जाळे सांभाळणाऱ्यांना हा प्रसंग अपरिचित नाही. अशा वेळी यंत्रणा खोटे बोलत नसते. त्या शाखेत राऊटर आहे, हेच तिला कोणी कळवलेले नसते.

कोणत्या उपकरणावर लक्ष ठेवायचे, त्याचा पत्ता काय, किती मिनिटांनी विचारपूस करायची आणि उत्तर न आल्यास रात्री कोणाला उठवायचे, हे सारे देखरेखीच्या प्रणालीला कॉन्फिगरेशन फाइलमधून सांगावे लागते. 1999 मध्ये ‘नेटसेंट’ या नावाने सुरू झालेली आणि पुढे ‘नॅगिओस’ म्हणून ओळखली गेलेली प्रणाली हे त्याचे ठळक उदाहरण. तिच्यात प्रत्येक उपकरणाचा एक छोटा परिच्छेद असतो. सरळ लिहीत गेल्यास प्रत्येक तपासणीसाठी आणखी एक. उपकरणे 200 आणि प्रत्येकी तपासण्या 5 धरल्या, तर 1,200 परिच्छेद होतात. इतके हाताने कोण लिहिणार? मग आधीच्या परिच्छेदाची नक्कल केली जाते, नाव बदलले जाते आणि पत्ता बदलायचा राहतो. पुढे जुन्याच राऊटरची दोनदा विचारपूस होत राहते, आणि नवा राऊटर बंद पडला तरी त्याच्या नावापुढचा दिवा हिरवाच राहतो.

यावरचा उपाय गोमंतकीयांना एक-चौदाच्या उताऱ्यावरून सहज समजेल. उताऱ्याचा नमुना एकच. सर्व्हे क्रमांक, गाव, कब्जेदाराचे नाव तेवढे बदलते. देखरेखीतही तसाच साचा करता येतो. न बदलणारा मजकूर एकदाच लिहायचा आणि नाव, पत्ता, ठिकाण यांच्या जागा मोकळ्या ठेवायच्या. दुसरीकडे उपकरणांची यादी तयार करायची, एका ओळीत एक उपकरण. एक्सेलमधून काढलेली साधी फाइलही त्यासाठी पुरते. छोटा प्रोग्राम ओळीमागून ओळ वाचतो, मोकळ्या जागा भरतो आणि 1,200 परिच्छेद क्षणार्धात तयार होतात. विचारपुशीची वेळ 5 मिनिटांवरून 2 मिनिटांवर आणायची झाली, तर साच्यातील एक आकडा बदलला की काम झाले. पायथन भाषेत यासाठी बहुधा ‘जिंजा’ हे साधन वापरतात. जिंजा म्हणजे जपानी देऊळ. इंग्रजीत देवळाचा आणि साच्याचा शब्द उच्चाराने जवळचे, म्हणून हे नाव.

ही युक्ती नवी नाही. इंग्लंडमधील लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात 1994 मध्ये बाहेरच्या जगाशी जोडणारी अवघी 64 किलोबिटची एक वाहिनी होती. तिच्यावरचा भार सर्वांना दिसावा म्हणून टोबियास ओटिकर यांनी एक आलेख काढणारा प्रोग्राम लिहिला आणि 1995 मध्ये ‘एमआरटीजी’ या नावाने तो प्रसिद्ध केला. त्याच्यासोबत ‘सीएफजीमेकर’ हे साधनही मिळते. ते राऊटरलाच त्याच्या जोडण्या विचारते आणि उत्तरावरून कॉन्फिगरेशन फाइल लिहून देते.

साच्यामुळे नकलेच्या चुका जातात; पण सगळा भरवसा आता यादीवर येतो, आणि यादीतली चूक अधिक मुकी असते. फाइल लागू करण्यापूर्वी ती तपासण्याची सोय नॅगिओसमध्ये आहे. कंस राहिला, न लिहिलेल्या गटाचा उल्लेख आला, तर ती अडवते. पत्ता चुकीचा आहे, पण त्या पत्त्यावर दुसरेच उपकरण उत्तर देते आहे, हे मात्र तिला कळू शकत नाही. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट यादी. एक्सेलमधून फाइल काढताना शेवटच्या 60 ओळी गळाल्या, तर उरलेल्या 140 उपकरणांची अगदी निर्दोष फाइल तयार होते. तपासणीत ती उत्तीर्ण होते, पडदा हिरवा राहतो आणि 60 ठिकाणे निमूटपणे देखरेखीतून बाहेर पडतात.

म्हणून जाणती मंडळी नवी फाइल थेट लागू करीत नाहीत. कालच्या फाइलशी ती ताडून पाहतात. उपकरणांची संख्या ठरावीक मर्यादेपेक्षा घटली तर प्रोग्रामने स्वतःहून थांबावे, अशी अट घालतात. तयार फाइलच्या माथ्यावर ‘यंत्राने लिहिलेली, हाताने बदलू नये’ अशी ओळही आवश्यक असते. नाहीतर मध्यरात्री कोणी घाईत केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी पुसली जाते. परवलीचे शब्द यादीत ठेवू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

यादीत आणखी एक रकाना फार उपयोगी ठरतो: हे उपकरण कोणत्या उपकरणामागे आहे? त्यावरून साचा प्रत्येकाचे ‘पालक’ उपकरण नोंदवतो. मग तालुक्याचा मुख्य राऊटर बंद पडला की त्यामागची 40 कार्यालये ‘बिघडलेली’ नव्हे, तर ‘तिथवर पोहोचता येत नाही’ अशी दिसतात. यंत्रणेला तसे सांगून ठेवले, तर रात्री 41 संदेशांऐवजी एकच येतो, आणि तोही खऱ्या बिघाडाचा.

राहिला प्रश्न यादी कोणाची. पुष्कळ कार्यालयांत खरेदीची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, पत्त्यांची नोंद अभियंत्याच्या वहीत आणि देखरेखीची यादी तिसरीकडे असते. स्विच बदलणारा तंत्रज्ञ काम आटोपून निघून जातो. यादी बदलणे त्याच्या कामात धरलेले नसते. ते धरले जात नाही तोवर जाळ्यालाच विचारणे हा मार्ग उरतो. बहुतेक व्यवस्थापित स्विचना आपल्या शेजारी कोण जोडले आहे, हे विचारता येते. ती उत्तरे रोज रात्री यादीशी ताडली, तर जाळ्यात असलेली पण यादीत नसलेली उपकरणे सकाळी कागदावर येतात, शाखेतून दूरध्वनी येण्याच्या आधी.