आपल्या वाडीतील फळांचा नाताळचा केक

नाताळचा केक म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काळसर, बेदाण्यांनी गच्च भरलेला व रमचा दर्प असलेला प्लम केक उभा राहतो. आगमनकाळ जवळ आला की धर्मग्रामातील अनेक भगिनी आम्हाला एकच अडचण सांगतात. घरी केक करावा तर बाजारातून महागडा सुकामेवा आणावा लागतो. शिवाय घरात दारू वर्ज्य असेल, तर तो मेवा भिजवावा कशात? मग बेकरीतून केक मागवला जातो आणि करंज्या, कलकल घरी करणारे हातही केकपुरते थांबतात. ही अडचण खरे पाहता केकविषयीच्या एका समजुतीतून निर्माण झाली आहे. तिचा उलगडा झाला, तर आपल्या वाडीत व स्वयंपाकघरात जे आहे त्यातून उत्तम केक होऊ शकतो.

प्रथम नावाविषयी. प्लम केकमध्ये प्लम नावाचे फळ नसते. जुन्या इंग्रजीत बेदाणे व मनुका यांनाच प्लम म्हणत. इंग्लंडच्या कडाक्याच्या थंडीत ताजे फळ मिळत नसे, म्हणून उष्ण प्रदेशांतून आलेली वाळलेली फळे, साखर व मसाले यांचा हा केक सणासुदीला होई. म्हणजे जायफळ, लवंग, दालचिनी ही सामग्री मुळात आपल्या बाजूच्या जगातून तिकडे गेलेली. त्या केकचे मर्म कोणत्याही एका फळात नाही. फळातील पाणी कमी करून, साखरेच्या साहाय्याने ते टिकवणे, हे त्याचे मर्म आहे.

हे मर्म जेथे जेथे ओळखले गेले, तेथे तेथे केकने स्थानिक फळ स्वीकारले. केरळातील थलश्शेरीची हकीकत प्रसिद्ध आहे. मर्डॉक ब्राउन नावाच्या इंग्रज मळेवाल्याने १८८३ साली मांबळी बापू या बेकरीवाल्याला विलायती केकचा नमुना दाखवून तसाच केक करण्यास सांगितले. ब्रँडीऐवजी बापूंनी काजूची बोंडे व कदळी केळी यांपासून केलेले स्थानिक मद्य वापरले आणि साहेब प्रसन्न झाला, असे सांगितले जाते. अलाहाबादच्या केकमध्ये पेठा, संत्र्याचा मुरंबा, साजूक तूप, बडीशेप आणि सुंठ असते. पेठा म्हणजे साखरेत मुरवलेला कोहळा! कोहळ्याला केकमध्ये मानाचे स्थान मिळू शकते, तर आपल्या केळ्याने काय पाप केले आहे?

वसईच्या वाडीतील राजेळी केळ्यांपासून होणारी सुकेळी आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. पिकलेली राजेळी सोलून काही दिवस उन्हात वाळवली की ती मधाच्या रंगाची, चिवट आणि अतिशय गोड होतात. आमच्या मते मनुकांच्या जागी सुकेळी वापरणे ही केवळ तडजोड नाही. केकमध्ये ती मनुकांहून सरस लागते. राजेळीच्या बागा आता पूर्वीइतक्या राहिलेल्या नाहीत आणि चांगली सुकेळी स्वस्तही नाही. तरीही एका केकला दीडशे ग्रॅम पुरतात, आणि तो पैसा सुकेळी वाळवणाऱ्या कुटुंबाच्या हाती जातो.

इतर फळांची निवड करताना पाण्याचा विचार करावा. ताज्या अननसात सुमारे ८६ टक्के पाणी असते, ताज्या केळ्यात सुमारे ७५ टक्के, तर बेदाण्यात केवळ १५ टक्क्यांच्या आसपास. ताज्या अननसाच्या फोडी तशाच पिठात घातल्या, तर त्यांचे पाणी सुटून केक मध्यभागी कच्चा व चिकट राहतो, आणि दोन दिवसांत त्याला बुरशी येते. शिवाय कच्च्या अननसात प्रथिनांचे विघटन करणारे एक द्रव्य असते. त्यामुळेच दुधात किंवा सायीत अननस घातला की कडवटपणा येतो. शिजवल्यावर हे द्रव्य निष्प्रभ होते. म्हणून अडीचशे ग्रॅम अननसाच्या बारीक फोडी शंभर ग्रॅम साखरेसह मंद आचेवर, पाक आटून फोडी चकचकीत होईपर्यंत शिजवाव्यात व पूर्ण गार कराव्यात.

कोकणातील आंबापोळी व फणसपोळी म्हणजे तर तयार सुकवलेले फळच. कात्रीला थोडे पीठ लावून त्यांचे बारीक तुकडे करावेत. बाजारातील लाल-हिरवी टूटीफ्रुटी म्हणजे साखरेच्या पाकात मुरवलेली कच्ची पपई, हे अनेकांना ठाऊक नसते. वाडीत पपई असेल तर ती घरीही करता येते, मात्र रंग बेताचाच असावा.

आता प्रमाण. आठ इंच व्यासाच्या एका केकसाठी दीडशे ग्रॅम सुकेळी, शंभर ग्रॅम शिजवलेला अननस, पन्नास ग्रॅम आंबापोळी किंवा फणसपोळी, शंभर ग्रॅम टूटीफ्रुटी, पन्नास ग्रॅम काळ्या मनुका आणि पन्नास ग्रॅम काजू असे अर्धा किलो मिश्रण घ्यावे. सुकेळी, पोळी व मनुका दोन संत्र्यांच्या रसात, संत्र्याची किसलेली साल घालून, एक रात्र फ्रिजमध्ये भिजवाव्यात. टूटीफ्रुटी भिजवू नये, तिचा रंग सुटतो. काजूही भिजवू नयेत, ते मऊ पडतात.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. महिनाभर फळे भिजवण्याची प्रथा मद्यासाठी आहे. मद्यात फळ बुडलेले असले की ते टिकते. संत्र्याच्या रसात मात्र ते आंबते व नासते. रसात फळे भिजवून आठवडाभर ओट्यावर ठेवणे धोक्याचे आहे. एक रात्र पुरे. रमची सर रसाला येत नाही असे म्हणणारे आहेत, आणि त्यांच्या जिभेशी आम्ही वाद घालणार नाही. मात्र भट्टीत मद्य सारे उडून जाते, हा समज चुकीचा आहे. दीड तास भाजल्यावरही त्याचा काही अंश उरतो, आणि भाजल्यानंतर वरून शिंपडलेली रम तर बहुतांशी तशीच राहते. ज्या घरात कोणी मोठ्या कष्टाने व्यसन सोडले आहे, तेथे हा फरक किरकोळ नाही.

पिठासाठी दोनशे ग्रॅम मैदा, एक सपाट चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा दालचिनी पूड, पाव चमचा जायफळ, चिमूटभर लवंगपूड, थोडी सुंठ व मीठ एकत्र चाळून घ्यावे. दीडशे ग्रॅम लोणी व दीडशे ग्रॅम साखर हलकी, पांढरट होईपर्यंत फेसावी, मग तीन अंडी एकेक करून घालावीत. मिश्रण फाटल्यासारखे दिसू लागले तर चमचाभर मैदा घालावा.

केकचा गडद रंग हा जळक्या साखरेचा असतो. साठ ग्रॅम साखर जाड बुडाच्या भांड्यात कोरडीच वितळवावी. ती गडद तपकिरी होऊन धूर येऊ लागताच आच बंद करून साठ मिलिलिटर गरम पाणी हळूहळू ओतावे. या वेळी पाक जोराने उसळतो व भाजण्याची भीती असते. मुलांना दूर ठेवावे, भांडे खोल घ्यावे आणि हात लांब ठेवावा. साखर अगदी काळी पडू दिली तर सारा केक कडू होतो. हा पाक गार झाल्यावरच फेसलेल्या मिश्रणात घालावा.

यानंतर चाळलेला मैदा हलक्या हाताने मिसळावा. भिजवलेली फळे निथळून, सर्व फळांना दोन चमचे मैदा चोळून शेवटी घालावीत; त्यांबरोबर पन्नास ग्रॅम किसलेले सुके खोबरे. फळे तळाशी बसू नयेत म्हणून मैदा चोळतात हे खरे, पण पीठ सैल असेल तर त्याचा उपयोग नाही. चमचा उलटा केल्यावर पीठ सावकाश पडावे, इतके ते घट्ट हवे.

भांड्याला आतून तुपाचा हात फिरवून कागद लावावा व १५० अंश सेल्सियसवर सुमारे दीड तास भाजावे. सव्वा तासाने विणकामाची सुई मध्यभागी खुपसून पाहावी. वरचा भाग लवकर काळवंडत असेल तर कागदाने झाकावा. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी जुन्या जाड कुकरची शिट्टी व रिंग काढून, तळाशी मीठ पसरून, त्यावर जाळी ठेवून मंद आचेवर केक करावा. वेळ थोडा अधिक लागतो व वरचा भाग तितका तांबूस होत नाही, पण चव तीच. त्या कुकरमध्ये पाणी घालायचे नसते, आणि केक करून करून पातळ झालेल्या कुकरमध्ये पुन्हा डाळ शिजवू नये.

भाजल्यावर केक पूर्ण गार होऊ द्यावा. गरम केक कापला तर तुकडे पडतात, आणि गरमच डब्यात भरला तर झाकणाखाली साठलेल्या वाफेने त्याला बुरशी येते. किनारपट्टीच्या दमट हवेत बिनमद्याचा केक चार-पाच दिवस बाहेर, तर पुढे फ्रिजमध्येच ठेवणे इष्ट. तीन राजांच्या सणापर्यंत ठेवायचा असेल तर त्याचे तुकडे कागदात गुंडाळून बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. मधुमेही वडीलधाऱ्यांना फळांचाच गोडवा आहे म्हणून मोठा तुकडा देऊ नये. वाळवलेल्या फळांतील साखर हीदेखील साखरच.

राहिला प्रश्न शेजारच्या घरी जाणाऱ्या ताटाचा. आपल्या आळीत दिवाळीचा फराळ आपल्याकडे येतो व नाताळचे ताट तिकडे जाते. त्यांच्यापैकी अनेक जण अंडे खात नाहीत. अंड्यांऐवजी दीडशे ग्रॅम घट्ट दही व अर्धा चमचा खाण्याचा सोडा घेतला की बिनअंड्याचा केक होतो. तो किंचित अधिक दाट असतो, पण सुकेळी व खोबऱ्यामुळे कोरडा पडत नाही. सोडा दह्याशी मिसळताच फसफसू लागतो, म्हणून पीठ तयार होताच भांडे भट्टीत गेले पाहिजे. दोन्ही प्रकार घरात असतील तर बिनअंड्याच्या केकसाठी सुरी वेगळी ठेवावी, आणि ताट देताना केकमध्ये काय आहे व काय नाही हे न विचारता सांगावे. शेजारीण संकोचाने विचारणार नाही, आणि केक तसाच पडून राहील.