संगणकाची हार्ड डिस्क दिसेनाशी होते तेव्हां

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं नववींतील एक विद्यार्थी आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, आमच्या संगणकाची हार्ड डिस्क मेली. बाबा म्हणतात, सगळें गेलें." त्याच्या वडिलांची वणीजवळ द्राक्षबाग आहे. परदेशीं माल पाठवावयाचा म्हणजे कोणत्या दिवशीं कोणतें औषध किती फवारलें, ह्याची नोंद ठेवावी लागते. तीन हंगामांच्या त्या नोंदी ह्या एकाच यंत्रांत होत्या; दुसरी प्रत कोठेंही नव्हती. एका दुरुस्तीवाल्यानें यंत्र सुरू करून पाहिलें व नवी डिस्क घालून जुनी टाकून देण्याचा सल्ला दिला होता. टाकण्यापूर्वीं एकदां आम्हांस पाहूं द्या, एवढेंच आम्हीं सांगितलें.

संगणकाचें स्मरण दोन प्रकारचें असतें. एक वीज असेपर्यंतचें, फळ्यावरील खडूच्या अक्षरांसारखें. दुसरें वीज गेल्यावरही टिकणारें, दप्तरांतील वहीसारखें. हार्ड डिस्क ही ती वही होय. तिच्या पेटींत गुळगुळीत चकत्या असून त्यांवर चुंबकीय द्रव्याचा लेप असतो. त्या मिनिटास बहुधा ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, आणि वाचणारें टोंक त्यांच्यावर केंसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनही कमी अंतरावर तरंगतें. १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें बाहेर काढलेल्या पहिल्या अशा यंत्रांत सुमारें दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन टनाच्या घरांत होतें, आणि त्यांत पन्नास लाख अक्षरें मावत. आमच्या विद्यार्थ्याच्या तळहातावर बसणाऱ्या डिस्कमध्यें त्याच्या सुमारें लाखपट मावतात.

संगणक सुरू होतांच प्रथम हजेरी घेतो. हें काम मुख्य पट्टीवरील एका चिपेंत लिहून ठेवलेला कार्यक्रम करितो. जुन्या यंत्रांत त्यास बायॉस म्हणतात, नव्यांत यू. ई. एफ. आय. हजेरीस मुलगा 'हजर' म्हणत नाहीं, तेव्हां तो आजारीच असेल असें शिक्षकानें मानूं नये. तो उपाशी असेल, वाटेंतील ओढ्यास पूर आला असेल, किंवा पटावर त्याचें नांवच नसेल. डिस्कचेंही तसेंच. तिला वीज मिळत नसेल, निरोप नेणारी तार तुटली असेल, ज्या खांचेंत ती तार बसते ती बंद असेल. आणि हें सर्व ठीक असेल, तरच डिस्क बिघडली म्हणावें. दुरुस्तीवाल्यानें शेवटचें कारण पहिलें धरिलें होतें.

यंत्र सुरू केलें. पंखा फिरला आणि काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' हीं अक्षरें उमटलीं. पुन्हां सुरू करून डिलीटची कळ दाबली (कांहीं यंत्रांत एफ २ दाबावी लागते) आणि हजेरीचा पट उघडला. डिस्कच्या जागीं कांहींच नव्हतें. येथें वाट फुटते, तें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पटांत डिस्कचें नांव दिसत असून यंत्र सुरू होत नसेल, तर दोष आंतील लिखाणांत किंवा क्रमांत आहे. नांवच नसेल, तर तारा तपासाव्या. हें न पाहतां विंडोज पुन्हां घालावयास बसणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं. त्याच पानावर तारीख १ जानेवारी आणि वर्ष दहाहून अधिक वर्षें मागचें होतें. आम्हीं तें वाचलें आणि सोडून दिलें. ही आमची चूक.

मग वीज बंद करून, प्लग काढून, पेटीच्या धातूस हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरविली व झांकण उघडलें. २००३ च्या सुमारास आलेल्या साटा पद्धतीच्या डिस्कला दोन जोड असतात : १५ स्पर्शकांचा रुंद जोड विजेचा, ७ स्पर्शकांचा अरुंद जोड निरोपाचा. (त्यापूर्वींच्या डिस्कना ४० पिनांची चपटी पट्टी असे.) प्लग लावून डिस्कवर हलकेंच बोट ठेविलें. थरथर नाहीं, आवाज नाहीं. निरोपाची तार खराब असती, तरी चकती फिरली असती. तेव्हां हिला वीजच मिळत नव्हती. वीज बंद करून पाहिलें, तों विजेचा जोड अर्धाच बसलेला. चौकशी करतां कळलें कीं छप्पर गळूं लागल्यामुळें पेटी एका खोलींतून दुसरींत हलविली होती, आणि वादळाच्या भीतीनें दोन दिवस प्लग काढून ठेविला होता. जोड नीट दाबून बसविला. चकती गुणगुणूं लागली आणि पटांत नांव आलें.

ह्याच क्षणीं ती दुसऱ्या यंत्रास जोडून आधीं प्रत काढावयास हवी होती. आम्ही उतावीळ झालों. विंडोजचें चिन्ह दिसलें, आणि लगेच निळा पडदा! मुलाचा चेहरा पुन्हां उतरला.

तेव्हां ती जुनी तारीख आठवली. यंत्राची वीज काढली असतां घड्याळ आणि पटांतील नोंदी राखण्यासाठीं मुख्य पट्टीवर तीन व्होल्टची, नाण्याएवढी बॅटरी असते. तिचें नांव सी. आर. २०३२. ती संपली होती, म्हणून दोन दिवसांत पटांतील सर्व नोंदी पुसून मूळच्या नोंदी आल्या. त्यांत डिस्कशीं बोलण्याची रीत ए. एच. सी. आय. होती, ती आय. डी. ई. झाली, विंडोज पहिल्या रीतीस सरावलेलें, म्हणून अडलें. नवी बॅटरी घातली, तारीख आणि रीत पूर्ववत् केली. यंत्र सुरू झालें.

सर्वांचें असें सुखानें सुटतें असें नाहीं. डिस्कमधून ठरावीक अंतरानें टक् टक् असा आवाज येत असेल, तर वाचणारें टोंक बिघडलें असण्याचा संभव फार. तत्काळ वीज बंद करून माहिती काढून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावी. ती घरीं उघडूं नये, शीतपेटींत ठेवूं नये. धुळीचा एक कण त्या टोंकास डोंगरासारखा असतो. नवी डिस्क पटांत दिसून विंडोजमध्यें दिसत नसेल, तर ती प्रथम सिद्ध करावी लागते, त्याकरितां यंत्र संमति मागतें. पण तीच संमति जुन्या, भरलेल्या डिस्कसाठीं मागितली, तर 'हो' म्हणूं नये. एस. एस. डी. प्रकारांत चकतीच नाहीं, म्हणून तेथें बोटाचा उपयोग नाहीं. कित्येक मुख्य पट्ट्यांवर एम. २ नांवाच्या खांचेंत नवी डिस्क बसविली कीं साटाची एखादी खांच आपोआप बंद होते. ती तार पुढच्या खांचेंत घालून पाहावी. विजेच्या पुरवठ्याची बंद पेटी मात्र मुलांनीं कधींही उघडूं नये. प्लग काढल्यावरही तिच्यांत कांहीं वेळ वीज सांठून राहते.

त्या संध्याकाळीं नोंदींच्या दोन प्रती काढल्या. एक घरीं राहिली, दुसरी मुलाच्या मामांकडे नाशिकास गेली. बॅटरी कोणत्या दिवशीं घातली आणि पटांत कोणती रीत हवी, हें मुलानें कागदावर लिहून तो पेटीच्या झांकणाला आंतून चिकटविला आहे.