शंभर वादक, एक माऊस

नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये स्वर मांडा, प्लेचं बटण दाबा, की लॅपटॉपमधून अख्खा ऑर्केस्ट्रा वाजू लागतो. ना तालमीचा हॉल, ना वादकांची बिदागी! सांगाल ते आणि सांगाल तसंच वाजवणाऱ्या या आज्ञाधारक मंडळींच्या काही गमती.

आडनाव फिन, म्हणून…
बेन आणि जोनाथन फिन या जुळ्या भावांनी १९८६मध्ये, विद्यार्थी असतानाच एक नोटेशन सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. १९९३मध्ये ते बाजारात आलं. इंग्रजीत ‘फिन’ म्हणजे फिनलंडचा माणूस. बहुधा म्हणूनच नाव ठेवलं फिनलंडच्या थोर संगीतकाराचं : सिबेलियस.

टीम तीच, नाव नवं
२०१२मध्ये सिबेलियसच्या मालक कंपनीनं, ॲविडनं, लंडनचं ऑफिस बंद केलं. तिथली टीम स्टाइनबर्ग कंपनीनं उचलली आणि २०१६मध्ये ‘डोरिको’ हे नवं नोटेशन सॉफ्टवेअर आलं. हे नाव १६व्या शतकात रोममध्ये संगीताची पुस्तकं छापणाऱ्या वालेरिओ दोरिको यांचं.

बंदूकही वाद्यच!
कुठल्याही संगणकावर बासरीच्या जागी बासरीच वाजावी, म्हणून १९९१मध्ये ‘जनरल मिडी’ची १२८ आवाजांची यादी ठरली. त्यात १०५वी सतार आहे, ११२वी सनई आहे. पुढे टेलिफोनची घंटी, हेलिकॉप्टर, टाळ्या आणि शेवटी १२८व्या क्रमांकावर चक्क बंदुकीचा बार! तबल्याला मात्र तालवाद्यांच्या वेगळ्या यादीतही जागा मिळाली नाही.

स्ट्राविन्स्कीचा ‘ढॅण्!’
ऐंशीच्या दशकातल्या पॉप गाण्यांत सारा ऑर्केस्ट्रा एकदम ‘ढॅण्’ करून थांबतो ना, त्याचं मूळ आहे स्ट्राविन्स्कीच्या ‘फायरबर्ड’मध्ये. ऑस्ट्रेलियात बनलेल्या ‘फेअरलाइट’ या यंत्रात त्याचा तुकडा भरला होता. तो इतका गाजला, की जनरल मिडीत ‘ऑर्केस्ट्रा हिट’ ५६व्या क्रमांकावर जाऊन बसला.

व्हायोलिनची मशीनगन
एकाच स्वराचं एकच रेकॉर्डिंग भराभर वाजवलं, तर व्हायोलिन मशीनगनसारखं तडतडतं. खरा वादक दोनदा हुबेहूब सारखा गज ओढूच शकत नाही. म्हणून एकच स्वर अनेकदा रेकॉर्ड करतात आणि सॉफ्टवेअर ते आळीपाळीनं वाजवतं. याला म्हणतात ‘राउंड रॉबिन’.

मुक्या पट्ट्या
व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या स्वराखालीही कीबोर्डवर पट्ट्या उरतातच. अनेक आभासी वाद्यांत त्या दाबल्या तर आवाज येत नाही, वाजवण्याची पद्धत बदलते : एक गजासाठी, दुसरी तार बोटानं छेडण्यासाठी. तुम्ही स्वरावर नुसतं ‘पिझ्’ (पिझिकातो, म्हणजे बोटानं छेडा) लिहायचं. मुकी पट्टी सॉफ्टवेअरच गुपचूप दाबतं.

एक सेकंद पुढे
समोरचा स्वर वाजवताना खरा वादक पुढचे स्वर वाचत असतो. ‘नोटपरफॉर्मर’ हे सॉफ्टवेअरही साधारण एक सेकंद पुढचं वाचतं आणि कुठे जोर द्यायचा, कुठे स्वर जोडायचे ते ठरवतं. म्हणूनच प्ले दाबल्यावर आवाज यायला क्षणभर थांबावं लागतं.

क्लॅरिनेटचा हिशेब
नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर ‘सी’ ऐकू यायला हवा असेल, तर वादकाच्या कागदावर ‘डी’ लिहावा लागतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या संगीत संयोजक मंडळींचा जमाना होता, तेव्हा हे सगळं हातानंच लिहिलं जाई. आता एका क्लिकवर पूर्ण पान बदलतं.

दम कुणाला लागतो?
‘म्यूझस्कोअर’ या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये हौशी वादकाला जड जाणारा स्वर पिवळसर दिसतो, आवाक्याबाहेरचा लालभडक. श्वासासाठी मात्र कुठलाच रंग नाही. आभासी फ्लूटवादक चाळीस मात्रा एका दमात वाजवतो आणि वर हूं की चूं करत नाही. तेव्हा प्रिंट काढण्याआधी ती ओळ स्वतः शिट्टीवर वाजवून पाहा. जिथे दम संपेल, तिथे विराम टाका. नाहीतर तालमीत फ्लूटवादक पहिला प्रश्न तोच विचारेल!