दवाखान्यातून बाळ घरी यायच्या आत दुपटं तयार! जुन्या लुगड्यातून दोन-अडीच तासांत असं शिवा

शहापूर (ता. भंडारा) : सरकारी दवाखान्यात साधं बाळंतपण झालं की आई-बाळाला साधारण ४८ तास ठेवून घेतात. सिझर असेल तर आणखी काही दिवस. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवून ठेवत नाहीत, बरं नसतं म्हणतात. मग फोन आला की धावपळ सुरू होते. घरातलं कुणीतरी भंडाऱ्याला जातं आणि दुकानातून झुलपीदार, चकचकीत, गुबगुबीत ब्लँकेट घेऊन येतं. त्यावर अस्वल असतं, ससा असतं. किंमतही चांगलीच असते. पण बहुतेक वेळा ते पॉलिस्टर असतं.

ही धावपळ करायची गरज नाही. मशीन चालवता येत असेल तर दुपटं एका दुपारचं काम आहे. हातानं शिवायचं तर दोन संध्याकाळी लागतील. शिवण सोपी आहे, शाळेत शिवणकाम शिकलेली मुलगीही करू शकते. चूक होते ती कापड निवडताना, म्हणून आधी कापडाचं बोलू.

लुगडं कोणतं घ्यायचं?

आजीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. लुगडं सुतीच असायचं. शंभर वेळा धुतलेलं, उन्हात वाळलेलं, मऊसूत. नवीन कापडाची खळ त्यात राहिलेली नसते, ते आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं आणि कच्चा रंगही निघून गेलेला असतो. लेकराच्या अंगाला याच्याइतकं चांगलं कापड दुकानात मिळत नाही.

आता मात्र पेटीतली जुनी साडी काढली तर ती सुती असेलच असं नाही. गेल्या कित्येक वर्षांत रोजच्या वापरात सिंथेटिक साड्या आल्या. हाताला मऊ लागते म्हणून ती सुती, असं समजू नका. खात्री करायची सोपी पद्धत आहे. साडीच्या कडेचे चार-पाच धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि अंगणात, बाजूला पाण्याचं भांडं ठेवून, काडीनं पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचाच येतो आणि मागे मऊ राख उरते. पॉलिस्टरचा धागा आकसतो, वितळतो आणि टोकाला काळी कडक गोळी तयार होते. केस जळल्यासारखा वास आला तर ते रेशीम किंवा कोसा. मोहाडी-आंधळगावचा कोसा आपल्या जिल्ह्याची शान आहे, पण तो बारशाला आईनं नेसावा. रोज धुवायच्या दुपट्याला तो कामाचा नाही.

पॉलिस्टरला एवढा विरोध का? एक तर ते ओल शोषत नाही. बाळ दिवसातून दहा वेळा ओलं करतं, ते पाणी कापडावरच राहतं आणि अंगाला लागतं. दुसरं म्हणजे उन्हाळ्यात त्यात बाळाचं अंग उबतं, घामोळ्या येतात. तिसरं कारण सगळ्यात मोठं आहे. आपल्या गावांत बाळंतिणीच्या खाटेखाली शेकाची शेगडी ठेवायची पद्धत अजून आहे. सुती कापडालाही आग लागते, त्यामुळे ते काही सुरक्षा कवच नव्हे. पण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं आणि भाजण्याची जखम खोल होते.

डांबराच्या गोळ्यांचा वास येतो? ते कापड बाजूला ठेवा

ही गोष्ट फार कमी घरांत माहीत आहे. जुनं लुगडं पेटीत असतं आणि पेटीत डांबराच्या गोळ्या असतात. या गोळ्यांमधल्या नॅफ्थलिनची वाफ कापडात मुरते. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. अशा बाळाला नॅफ्थलिनचा वास लागलेल्या कपड्यात गुंडाळलं तर त्याच्या लाल रक्तपेशी फुटू लागतात आणि कावीळ झपाट्यानं वाढते. फार वाढलेली कावीळ मेंदूपर्यंत पोचते, मग ते नुकसान भरून येत नाही. आपल्या बाळात ही कमतरता आहे की नाही हे बघून कळत नाही. त्यामुळे ज्या कापडाला गोळ्यांचा वास आहे ते नवजात बाळासाठी घेऊच नका. धुऊन वास गेल्यासारखा वाटला तरी नको. दुसरं लुगडं शोधा, आत्याकडे असेल, मामीकडे असेल.

आणि घरात बाळ येणार असेल तर पेटीतल्या गोळ्या आताच काढून टाका. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला फडक्यात बांधून ठेवला तरी काम भागतं. बाळाचे डोळे, अंग पिवळं दिसलं तर आशाताईंना लगेच कळवा. पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले तर वाट न बघता दवाखाना गाठा.

लुगडं ठरलं की ते गरम पाण्यात साबणानं धुवा, दोनदा खळबळा आणि कडक उन्हात वाळवा. हे काम बाळ व्हायच्या आधीच करून ठेवता येतं. कापड धुणं म्हणजे शिवणं नव्हे, त्यामुळे घरातल्या मोठ्या माणसांचीही हरकत राहत नाही.

आता शिवायला बसू

तयार दुपटं साधारण ३७ इंच चौकोनी होईल. त्यासाठी ३८ इंचाचे चार चौकोनी तुकडे लागतात. साध्या गोल साडीची लांबी साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच. चार तुकड्यांना १५२ इंच लागले तरी फाटका, विरलेला भाग सोडायला पुष्कळ जागा उरते. नऊवारी लुगडं चांगल्या अवस्थेत असेल तर त्यात दोन दुपटी निघतात. काठ आणि पदराची जर वगळा, ती बाळाला टोचते. सर्वात चांगले दोन तुकडे वरच्या आणि खालच्या बाजूला ठेवा. थोडे विरलेले दोन आत जातील.

पूर्वी गोधडीच्या कडेला वेगळी पट्टी लावून दुमडायचे. तेच वेळखाऊ काम आहे. त्याऐवजी उशीच्या खोळीसारखं शिवून उलटायचं. जमिनीवर स्वच्छ चटई टाका. आधी आतले दोन तुकडे एकावर एक पसरा. त्यावर वरचा तुकडा सुलट बाजू आकाशाकडे करून ठेवा. त्यावर खालचा तुकडा उलट बाजू आकाशाकडे करून ठेवा. म्हणजे दोन चांगल्या बाजू एकमेकींना तोंड देऊन आल्या पाहिजेत. इथेच गोंधळ होतो, म्हणून एकदा थांबून तपासा.

चारही थर सरकू नयेत म्हणून भडक रंगाच्या दोऱ्यानं मोठे कच्चे टाके घाला. टाचण्या लावू नका असंच आम्ही म्हणू. एक टाचणी आत राहिली तर ती बाळाच्या पाठीत जाते. लावल्याच तर आधी मोजा आणि शेवटी परत मोजा.

मग कडेपासून अर्धा इंच आत चारही बाजूंनी टीप मारा. एका बाजूला वीतभर जागा उघडी सोडा आणि तिच्या सुरुवातीला-शेवटाला टीप मागे-पुढे करून पक्की करा. मशीनला १६ नंबरची सुई लावा आणि टाका थोडा मोठा ठेवा. चार थरांवर बारीक टाका घातला तर कापड चुणतं. चारही कोपऱ्यांची टोकं तिरपी कापा, पण टिपेला कात्री लागू देऊ नका. आता उघड्या जागेतून, दोन चांगल्या बाजूंच्या मधून, हात घालून सगळं बाहेर ओढा. आतले दोन तुकडे आपोआप पोटात जातात. कोपरे बोटानं नाहीतर लाटण्याच्या टोकानं बाहेर काढा. इस्त्री फिरवा, नसेल तर हातानं दाबून सपाट करा. उघडी जागा आत दुमडून हातानं शिवून टाका आणि कडेनं अर्ध्या इंचावर आणखी एक टीप घ्या.

आता राहिला दोरा. हा घातला नाही तर पहिल्याच धुण्यात आतले थर गोळा होतात. अनेक जणी गोधडीला कडेपासून आत चौकोनात दोरा घालत जातात. हाताच्या धावदोऱ्याला ते शोभतं. मशीनवर मात्र तसं केलं तर ढिलं कापड मध्ये ढकललं जातं आणि मधोमध चुण्या पडतात. म्हणून मशीनवर पहिली रेघ बरोबर मध्यावर मारा, मग तिच्या दोन्ही बाजूंनी चार-चार बोटांवर सरळ रेघा घेत कडेपर्यंत जा. आडव्या रेघा नसल्या तरी चालतात. शेवटी कच्चे टाके काढा.

हाताचा धावदोरा जास्त वेळ खातो, पण दिसतो सुंदर. आपल्या आज्यांच्या या टाक्यांचं मोल बाहेरच्यांना कळलं आहे. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत अख्खं पुस्तक केलं आहे.

सजावट मात्र काही नको. टिकल्या, मणी, बटण, लेस, गोंडे बाळाच्या तोंडात जाऊ शकतात. लोंबणारे दोरेही बारकाईनं कापा. सुटा दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजून काळंनिळं होतं. बाळ रडतं आणि का रडतं ते कुणाला कळत नाही. आत कापूस किंवा उशीचा फोम भरू नका. कापूस वाळत नाही, आणि जाड मऊ थरात तोंड रुतलं तर बाळाचा श्वास अडतो.

गुंडाळताना

धान निघाल्यावर आपल्याकडे जी थंडी पडते ती मोठ्या माणसाला सोसते, अडीच किलोच्या जिवाला नाही. नवजात बाळाचं तापमान ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइटमध्ये असावं. थर्मामीटर नसेल तर हाताच्या मागच्या बाजूनं पोट आणि पाय तपासा. दोन्ही कोमट म्हणजे बाळ ठीक. पोट गरम आणि पाय गार म्हणजे त्याला थंडी वाजतेय. पोट आणि पाय दोन्ही गार लागले तर धोका आहे. तेव्हा दुपट्यावर दुपटी चढवत बसू नका. बाळाला आईच्या उघड्या छातीला लावा, वरून दोघांना पांघरा, दूध पाजा आणि १०२ किंवा १०८ ला फोन लावा. गार पडलेल्या बाळाला दुपटं ऊब देऊ शकत नाही, ते फक्त असलेली ऊब टिकवतं.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाला उबदार ठेवणं हा त्यातला एक भाग होता. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्यामागे हेच काम आहे. त्या आल्या की बाळाला नेमकं कसं गुंडाळायचं ते त्यांच्याकडून एकदा करून घ्या.

डोक्याला टोपरं, दुपटं खांद्यापर्यंत, तोंड उघडं. पाय सरळ ओढून करकचून बांधू नका, खुब्याचा सांधा बिघडू शकतो. बेडकासारखे दुमडलेले पाय हलतील एवढी ढील ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर नकोच. तिच्यातल्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. शेक द्यायचाच असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून, बाळाला लांब ठेवून, आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना जन्मलेल्या बाळाला चार थरांचं दुपटं अंगावर नको, ते अंगाखाली घाला आणि वर एकपदरी फडकं पुरे. पावसाळ्यात चार थर दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा आत दोनऐवजी एकच तुकडा घाला आणि दोनाऐवजी तीन दुपटी शिवा. एक अंगाखाली, एक धुण्यात, एक दांडीवर.