कथेतलं खनिज घडवताना

मंडळी, आजचा आपला प्रश्न असा: कथेसाठी एखादं नवं खनिज कल्पायचं तर ते कसं कल्पावं? विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा लिहायला बसलो की पहिला मोह होतो सर्वशक्तिमान खड्याचा. त्यातच वीज, त्यातच औषध, त्यातच शस्त्र! पण असा खडा हाती आला की पात्रांना अडचणच उरत नाही. आणि अडचण नाही, तर गोष्ट कसली?

आपला परीसच घ्या. तो कुठल्या खाणीत सापडत नाही, पण त्याला नियम आहे. लोखंडाला लागला तरच सोनं. परिसा भागवतांच्या पत्नीने तो नामदेवांच्या घरी दिला आणि नामदेवांनी तो चंद्रभागेत टाकला. ही गोष्ट आपल्याला आठवते ती दगडामुळे नाही, त्या दगडाचं कोणी काय केलं यामुळे.

मग नियम शोधायचा कुठे? आपण विंचूरकरांनी विहिरीत डोकवावं. हा काळा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि स्फटिक वाढले. अशा पोकळ्यांतल्या ज्या चकाकत्या खड्यांना आपण सरसकट गारगोट्या म्हणतो, त्यांत पुष्कळदा झिओलाइट असतं. त्याच्या जाळीदार रचनेत पाणी कोंडलेलं असतं. 1756 मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असा दगड तापवला, तो फसफसला, म्हणून ग्रीक शब्दांवरून त्याचं नाव पडलं 'उकळणारा दगड'.

हीच जाळी किरणोत्सारी सीझियमही धरते. 2011 च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर दूषित पाण्यातलं सीझियम काढायला झिओलाइट वापरलं गेलं. पण जाळी भरली की काम थांबतं, आणि तो भरलेला दगड स्वतःच किरणोत्सारी कचरा होतो.

आता कल्पना करू. इथल्या एका विहिरीत जमिनीतलं विष शोषणारा खडा निघाला. एकाचं शेत वाचलं. भरलेला खडा मात्र टाकायचा कुठे? स्वतःच्या बांधावर, की उताराच्या वस्तीकडे? हे ठरवायला बसलेली माणसं लिहा. खड्याचा रंग नंतर ठरवला तरी चालेल.

आणि हो, आपल्या जिल्ह्यात सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे. लिहिण्याआधी तिथले खरे स्फटिक एकदा बघून या.