अडीच घरांतले अर्धे घर कोठे?

"घोडा अडीच घरे चालतो," असे आम्ही सांगितले, तेव्हा समोर बसलेल्या साडेचार वर्षांच्या पुतणीने पटावर बोट फिरवीत विचारले, "काका, यातलं अर्धं घर कुठंय?"

प्रश्न अगदी रास्त होता. पटावर अर्धे घर नसतेच. आपण पिढ्यान्‌पिढ्या 'अडीच घरे' म्हणत आलो, म्हणून आपल्याला त्यात काही खटकत नाही, एवढेच. त्या संध्याकाळी आम्ही तासाभरात सहाही प्रकारच्या सोंगट्यांच्या चाली, शह, मात, सारे काही सांगून टाकले. हत्तीपर्यंत तिने लक्ष दिले. मग घोडा हत्तीवर बसला आणि राजा खोक्यात झोपायला गेला. दुसऱ्या दिवशी पट काढताच ती म्हणाली, "तो खेळ नको." चूक अर्थातच आमची होती. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्यालाही आम्ही पहिल्या दिवशी सगळी उपकरणे दाखवत नाही.

२०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी बुद्धिबळातील महिलांचा विश्वचषक जिंकला. अशा बातम्या आल्या की बालवाडीतल्या मुलांचे पालकही शिक्षकांना विचारू लागतात : आमच्या मुलाला बुद्धिबळ केव्हा शिकवावे? केव्हा, यापेक्षा कसे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. तो समजून घेण्यासाठी आधी स्मरणशक्तीकडे वळू या.

एक वस्तू की अनेक?

१९७३ मध्ये अमेरिकेतील विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातील मांडणी केवळ ५ सेकंद दाखवून ती पुन्हा मांडायला सांगितली, तर मुरलेला खेळाडू नवशिक्यापेक्षा कितीतरी अधिक सोंगट्या बरोबर मांडतो. पण त्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून दाखवल्या, तर ही आघाडी जवळजवळ नाहीशी होते. याचा अर्थ, खेळाडूची स्मरणशक्ती अलौकिक नसते. त्याला सोंगट्यांचे ओळखीचे पुंजके दिसतात आणि प्रत्येक पुंजका तो एकच वस्तू म्हणून लक्षात ठेवतो.

मिशेलिन ची यांनी १९७८ मध्ये यापुढचे पाऊल टाकले. बुद्धिबळ जाणणारी, सरासरी दहा वर्षांच्या आसपासची मुले आणि या खेळात कच्ची असलेली मोठी माणसे यांची त्यांनी तुलना केली. पटावरच्या मांडण्या मुलांच्या अधिक लक्षात राहिल्या; अंकांच्या यादीत मात्र मोठी माणसे पुढे होती. तेव्हा प्रश्न केवळ वयाचा नसून साठलेल्या ओळखीचाही आहे. 'वजीर हत्तीसारखा आणि उंटासारखा चालतो', हे आपल्याला एक वाक्य वाटते. ज्या मुलाच्या मनात हत्ती आणि उंटच अजून रुजलेले नाहीत, त्याच्यासाठी ते आठ दिशांचे ओझे असते.

पायरी पायरीने

सुरुवात रिकाम्या पटापासून करावी. ६४ घरे, त्यांतली ३२ पांढरी आणि ३२ काळी. आडवी आणि उभी रांग मुलांना चटकन समजते. तिरकी रांग समजत नाही. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ओल्सन यांनी लहान मुलांच्या नेमक्या याच अडचणीवर १९७० मध्ये एक पुस्तकच लिहिले. म्हणून पहिला मान हत्तीचा. पटावर चार-पाच शेंगदाणे ठेवावेत आणि हत्तीने ते कमीत कमी चालींत 'खावेत'. खाल्लेला दाणा मुलाचा.

त्यानंतर प्याद्यांची लढाई. दोन्ही बाजूंना फक्त आठ-आठ प्यादी. ज्याचे प्यादे आधी पलीकडच्या टोकाला पोहोचेल, तो जिंकला. सरळ चालायचे पण तिरके मारायचे, एवढीच गंमत. यात आळीपाळीने खेळणे, समोरच्याच्या चालीकडे पाहणे आणि पुढचा विचार करणे हे सारे येते. आमच्या घरी हाच खेळ महिनाभर चालला.

आता तिरकी रांग ओळखीची झालेली असते. पांढऱ्या घरातला उंट काळ्या घरात कधी जाईल का, असे विचारून मुलालाच करून पाहू द्यावे. घोड्याच्या वेळी 'अडीच' हा शब्द टाळून 'दोन घरे सरळ, मग एक घर बाजूला' असे म्हणावे. प्रत्येक चालीला घोड्याच्या घराचा रंग बदलतो, हे मुले स्वतःच शोधून काढतात. मग वजीर आणि शेवटी राजा. शह आणि मात यांत 'आता मारणार आहे' आणि 'सुटकेची वाटच नाही' अशा कल्पना असतात. त्यांना घाई नको.

हरण्याचे काय?

चार-पाच वर्षांचे मूल हरल्यावर रडते, पट उधळते. मुद्दाम हरावे, तर तेही त्याला कळते. त्यापेक्षा मोठ्याने उघडपणे कमी प्यादी घ्यावीत, किंवा मध्येच पट फिरवून बाजू बदलावी. एका वेळी दहा मिनिटे पुरेत. मुलाला आणखी खेळावेसे वाटत असतानाच थांबावे.

बुद्धिबळाने गणित सुधारते का? इंग्लंडमध्ये १०० प्राथमिक शाळांत नऊ-दहा वर्षांच्या मुलांवर याची मोठी चाचणी झाली. निम्म्या शाळांत बुद्धिबळ शिकवले गेले. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : शिकवणे संपल्यानंतर वर्षभराने दोन्ही गटांच्या गणितात फरक आढळला नाही. तेव्हा गुणांच्या आशेने हा खेळ मुलांवर लादू नये. जेथे मोठ्यांना आणि लहानांना नियम अगदी सारखेच असतात, अशा जागा मुलांच्या वाट्याला फार थोड्या येतात. पट ही त्यांतली एक जागा आहे आणि एवढे कारण आम्हांला पुरेसे वाटते.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी पडताळून पाहाव्यात. रिकाम्या पटावर हत्ती कोठेही ठेवला, तरी त्याला १४ घरे मोकळी असतात. घोड्याला मात्र कोपऱ्यात २ आणि मध्यभागी ८. असे का? आणि कोपऱ्यातल्या राजाला शेजारच्या कोपऱ्यात जायला ७ चाली लागतात, समोरच्या तिरक्या कोपऱ्यात जायलाही ७च. पट्टीने मोजले तर तिरके अंतर जवळजवळ दीडपट भरते. मग राजाचे 'अंतर' म्हणजे नेमके काय?

पुठ्ठ्याचा पट आणि बाटल्यांची बुचे एवढ्यावर वर्गात सुरुवात करता येते. पुतणी सध्या तिच्या आजीला शिकवते आहे. परवा आजी सवयीने "अडीच घरं" म्हणाली, तेव्हा तिने आजीचा हात धरून थांबवले आणि पटावरची तीन घरे मोजून दाखवली.